संशयित इसमास दाढी होती

बाडहूव्हडॉर्प,
२१ फेब्रुवारी २०२१

ती. शामलाताईस,
धाकट्या मोरूचा, कंबर वाकेल तितका वाकून, नमस्कार.

तुझा गुडघा, हरिहररावांची शुगर आणि तुमच्या गल्लीतला नळ, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, पण ती दाखवायला घराबाहेर पडता येत नाही. तीन महिन्यांसाठी लेकीकडे, अस्मिताकडे, आलो आणि करोनाने वर्ष खाल्लं. विमानतळ घराच्या मागेच आहे. माडीच्या खिडकीतून विमानांच्या शेपट्या दिसतात, सगळी गोठ्यातल्या म्हशींसारखी निवांत उभी. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते हेच. आता जावईबापूंनी, म्हणजे सौमित्ररावांनी, एकतीस मार्चचं तिकीट काढलंय. ‘सुटलो एकदाचा!’ असं मी येताजाता मोठ्याने म्हणत असतो. हे सगळं फोनवर का नाही सांगत, असं विचारशील. तर तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अस्मिता आमचाही स्पीकरवर टाकते, त्यामुळे आपण दोघं बोलतो आणि दोन घरं ऐकतात. म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर हरिहररावांना देऊ नकोस, ते मोठ्याने वाचतात.

तर चैत्राली. नात आठ वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं (विशेषतः तिच्याबद्दल कुजबुजलेलं), पण उत्तर द्यायचं ते डचमध्ये. मी विचारावं, बाळ, जेवलीस का? आणि तिने घशात खाकरा अडकल्यासारखं काहीतरी बोलून निघून जावं. मला ‘ओपा’ म्हणायची. इथे आजोबांना तसं म्हणतात. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढून शेवटी ओपा! (इथे अख्खा देशच पाटबंधारे खातं आहे, पण मला कोण विचारतंय?) ताई, एका घरात वर्षभर राहून आमच्या दोघांचं जेवढं बोलणं झालं, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. विमानाचं दुःख मी सहन केलं. हे मात्र फार लागत होतं गं.

डिसेंबरात शाळा पुन्हा बंद झाल्या आणि पोरगी घरात अडकली. इथे लोक आपल्या अंगणाबाहेर खांबावर पुस्तकांचं छोटं कपाट ठोकतात. मिनीबीब म्हणतात त्याला. हवं ते न्या, वाटलं तर ठेवा. (आपल्याकडे असतं तर पहिल्या रात्री पुस्तकं गेली असती आणि दुसऱ्या रात्री कपाट.) तिथे मला कोण भेटावं? आपल्या बाई! अगं, त्याच इंग्रज बाई, ज्यांच्या पुस्तकांसाठी आपण वाचनालयात भांडायचो आणि जिंकलीस की तू मला शेवट आधीच सांगून टाकायचीस. ती तीन भावंडं आणि त्यांचं गाढव. सगळ्या चोवीस भागांत सुट्टीच चालू, शाळा म्हणून नाही. आईबाप पहिल्या पानावर गावाला जातात ते शेवटच्या पानावर केक घेऊन उगवतात. मधे पोरं भुयारात शिरतात, चोर पकडतात आणि दर दहा पानांनी डबा उघडतात. त्या बाई वर्षाला इतकी पुस्तकं लिहायच्या की त्यांचं कोणी एखादं वाचेपर्यंत त्यांचं दुसरं छापून यायचं. आपण मात्र वरणभात चिवडत त्यांच्या डबाबंद अननसासाठी जीव टाकायचो. (परवा इथे डबाबंद अननस खाल्ला. ताई, काही नाही गं त्यात. साठ वर्षं फुकट गेली.)

पण हे पुस्तक होतं डचमध्ये. मी ते चैत्रालीपुढे टाकलं आणि म्हटलं, मला वाचता येत नाही, काय आहे ते तूच सांग. ती डचमध्ये सांगू लागली. मी म्हटलं, कळलं नाही. पुन्हा डच. पुन्हा, कळलं नाही. शेवटी वैतागून म्हणाली, ‘गाढव!’ ते कथेतलं होतं की मी, हे अजून ठरलेलं नाही, पण मराठी होतं. तिथून सुरुवात झाली. एक भाग संपला की गावातल्या दुसऱ्या कपाटातून पुढचा शोधून आणायचा, आणि रोज संध्याकाळी ती वाचायची आणि मोडक्यातोडक्या मराठीत मला सांगायची, अर्धं डच, अर्धं हातवाऱ्यांनी. मी ‘अगंबाई! मग?’ म्हणत बसायचो.

पुढे तिला प्रत्यक्ष तपास हवा झाला. आता या देशात तपास करायचा कशाचा? डोंगर नाहीत, गुहा नाहीत, लोक खिडक्यांना पडदेसुद्धा लावत नाहीत. रस्त्यावरून जाताना कोण काय जेवतंय ते दिसतं (पाव). पण शेजारच्या हेंकच्या बागेतल्या खोपटात काहीतरी शिजत होतं. घरी दिवसाला एकच पाहुणा, असा सरकारी नियम, आणि त्याच्याकडे एकामागून एक माणसं मागच्या फाटकातून शिरत होती. आम्ही माडीवरून दुर्बीण लावली. चैत्रालीनेच हेरलं, आत जाताना टोपी घातलेला माणूस बाहेर येताना ती हातात घेऊन येतो. मी म्हटलं, तू इथून लक्ष ठेव, मी बघून येतो.

खोपटात शिरलो तर समोर आरसा आणि खुर्ची! सलूनं डिसेंबरपासून बंद, म्हणून हेंकने चोरून केस कापायचा धंदा मांडला होता. त्याने माझं केसादाढीचं वाढलेलं जंगल पाहिलं, कीव आल्यासारखी मान हलवली, खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती फडका बांधला. नको म्हणायला मला डच येत नाही. (खरं सांगतो, मराठीतही म्हटलं नसतं. काय हात होता, वा!)

बाहेर आलो तर कुंपणाशी कमरेवर हात ठेवून चैत्राली उभी. मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाली, ‘आजोबा, चोर तूच आहे! सगळ्या पुस्तकात चोराला दाढी असते, तो काळा असतो, बाहेरून आलेला असतो, त्याला नीट बोलता येत नाही. आणि आता तू पुरावा पण कापला!’

ताई, आधी मला हे ऐकून रडूच आलं. आजोबा म्हणाली गं! मग विचार केला, तर पोरगी खोटं बोलत नव्हती. त्या बाईंच्या पुस्तकात गडबड करणारा असतोच मुळी सावळा, दाढीवाला, चमत्कारिक टोपीतला परका माणूस. माझी माकडटोपी आठव. लहानपणी साताऱ्यात आपण त्या पोरांच्या बाजूने किती परके पकडून दिले, पण आपण त्यातले कोण, हे तुलाही कधी सुचलं नाही आणि मलाही. बाईंनी आपल्याला एका डबाबंद अननसात विकत घेतलं होतं.

मग माझी चौकशी झाली. आरोपीला डच येत नाही, म्हणून ती मराठीत चालवणं भाग होतं. दोन तास! खोपटात काय पाहिलं, खुर्ची कसली, आधी कोण आलं होतं. ‘म्हणजे तू म्हणाला की...’ असं ती वकिलासारखं विचारत होती आणि मी उगाच उलटसुलट जबान्या देत होतो, चौकशी संपू नये म्हणून. शेवटी हेंकचं गुपित दोघांनी पोटात ठेवायचं ठरलं. अस्मिताला मी सांगितलं, स्वयंपाकघरातल्या कात्रीने माझे मीच कापले. त्यावर ती खूश होऊन म्हणाली, मग बाबा, सौमित्रचेही कापा. कापले. जावईबापू तेव्हापासून ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसतात.

असो. आता एकतीस मार्च आली की हा वनवास संपेल. सर्वांना यथायोग्य सांगणे.

तुझा,
मोरू

ता.क. दिवाळीत तुला म्हटलं होतं, माळ्यावरचे बाईंचे इंग्रजी भाग कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर चैत्रालीसाठी पाठव. पाठवू नकोस. इंग्रजी मला वाचता येतं, हे तिला ठाऊक आहे. मग मला सांगत कशाला बसेल?

ता.ता.क. हे पत्र मिळाल्यावर रविवारी फोन करशील तेव्हा, स्पीकरवरच, अस्मिताला ठासून सांग, ‘इकडे पेशंट पुन्हा वाढतायत, मोरूला एवढ्यात पाठवू नकोस.’ वर्तमानपत्रात तसं येतंच आहे, तेव्हा खोटं बोलल्याचं पाप नाही. मी ‘छे छे, मला जायचंय’ म्हणून आरडाओरडा करीन. तिकडे लक्ष देऊ नकोस. आम्ही अजून नवव्याच भागात आहोत.

ता.ता.ता.क. आणि मला ती पुस्तकं पाठ आहेत, हे चैत्रालीला चुकूनही कळू देऊ नकोस.

पाकीट बंद करणार तेवढ्यात ती येऊन बसली. म्हणाली, ‘आजोबा, तुला सगळं आधीच माहितीये. गाढव पडायच्या आधीच तू हसतो.’ मग पुस्तक उघडून म्हणाली, ‘पण तू नको सांगू. मी सांगते.’

तेव्हा वरचं ता.ता.ता.क. खोड. ता.ता.क.चं मात्र तेवढं बघच, ताई.