गोंद न लावलेली बोट

मी, खाली सही करणारी, शिवणयंत्रं दुरुस्त करून पोट भरणारी बाई, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाचंही दडपण नसताना ही शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात मात्र नाहीत. ते सारखे बोटीकडे धाव घेतात.

कलम १. राहती जागा आणि बँकेतली ठेव माझ्या मुलीला. भिंतींना तिने हवा तो रंग द्यावा, फक्त माझ्या देखत नको.

कलम २. स्क्रूड्रायव्हर, तेलाची कुपी आणि दुकानातलं टेबल माझ्या मदतनीस बाईंना. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी नेलेली पक्कड त्यांनी स्वतः वसूल करावी. मी मागून मागून थकले.

कलम ३. प्लास्टिकच्या जोडठोकळ्यांची बोट, मोटर आणि रिमोटसह. (इथे उठून न्हाणीघरात जाऊन आले. टबात ती तरंगते आहे, पण मागून पुन्हा खाली चालली आहे.)

पहिल्या बोटीच्या सगळ्या सांध्यांत माझ्या धाकट्या भावाने मला न विचारता गोंद भरला. तो सुतार, त्याला गोंदाशिवाय चैन पडत नाही. पाणी शिरायचं थांबलं, हे खरं. पण मोटर अडकली तेव्हा बोट उघडेना, हातोडीने फोडावी लागली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. मला त्याची फार आठवण येते, हेही इथे नोंदवते.

ही नवी बोट गोंदाशिवाय बांधली. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याची दांडी बाहेर येते त्या नळीत ग्रीस ठासलं, तरी तळ्याच्या मध्यावर पाणी शिरतंच. मी काठावर रिमोट दाबत राहते आणि ती जागच्या जागी गिरक्या घेते. तिने एकदा पलीकडचा काठ गाठावा, एवढ्यातच जीव अडकला आहे. (पुन्हा पाहून आले. तसंच.)

म्हणून बोट भावाला. अट एकच, गोंद लावायचा नाही.

ता. क. सहीच्या वेळी मुलीने साक्षीदार म्हणून भावालाच आणलं. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला यातलं काही घेता येत नाही. सही करा, नाहीतर बोट घ्या."

त्याने पेन परत खिशात ठेवलं. "मग दुसरा साक्षीदार बघा," म्हणाला आणि टबाशी जाऊन बसला. बोट उचलून त्याने मागचे ठोकळे सुटे केले.

"ताई, नळीपाशी मेण चालेल? मेण खरवडून काढता येतं."

"चालेल. पण बोट अजून माझीच आहे."

"असू दे. मला घाई नाही."

सही: शिवणयंत्रवाल्या बाई
साक्षीदार: १. वकीलबाई
२. वरच्या मजल्यावरचे मास्तर (पक्कड परत मिळाली)
ठिकाण: न्हाणीघराच्या दाराशी
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस