पाळणाघरातले तीन तास

४ मार्च
लागली एकदाची नोकरी! उंदरांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. क्वार्टर मिळालं, शिवाय आवारातच फुकट पाळणाघर. चार महिन्यांच्या लेकीला कुठं ठेवू, या काळजीनं मी अर्धी झाले होते. काम सोपं आहे. पिल्लं जन्मली की दुसऱ्या दिवसापासून रोज तीन तास आईपासून उचलायची, उबदार डब्यात ठेवायची, मग परत. निम्म्या पिंजऱ्यांना हात लावायचा नाही. पिल्लं मोठी झाली की दोन्हींचं वजन, रक्त आणि दचकल्यावर नाडी किती वेळानं उतरते, ते मोजायचं. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडम म्हणाल्या, बाळपणी जे घडतं ते अंगात मुरतं. बोलतात फार गोड.

९ मार्च
पिल्लं उचलली की माद्या सैरावैरा धावतात. सुपरवायझर भाऊ म्हणाले, सवय होईल. हे गृहस्थ पंचविशीतले, पण केस पिकलेले. दार आपटलं की उडतात आणि कितीतरी वेळ छाती धरून बसतात. बायकोचा धाक दिसतोय, अशी चेष्टा केली मी.

१५ मार्च
मधल्या सुट्टीत लेकीला पाजायला गेले, तर पाळणाघराला आतून कडी. अकरा ते दोन आईनं यायचं नाही, नियम आहे म्हणे. माझा पान्हा ब्लाउज भिजवतोय आणि पाळणाघरातली बाई खिडकीतून मला नियम शिकवते! चांगली झाडली तिला. दार काही उघडलं नाही. आईला फोन केला, तर ती म्हणते, फुकट मिळतंय ना, मग उगाच कटकट करू नकोस.

२१ मार्च
लेक रडत नाही आता. उचलली तरी माझ्याकडे बघत नाही. भांडं पडलं की मात्र अख्खी थरथरते.

२६ मार्च, सकाळ
वजनांची वही आणायला मॅडमचं कपाट उघडलं. तिथं दोन वह्या. दुसरीतही आमचेच रकाने: जन्मतारीख, आईपासून दूर तीन तास, नाडी, वजन. पण वजनं किलोत. कुठला उंदीर सहा किलोचा असतो?
शेवटची जन्मतारीख माझ्या लेकीची.
पहिल्या पानावर एक मुलगा. शेरा: 'वय सव्वीस. केस पांढरे. दचकल्यावर नाडी पाऊण तास उतरत नाही. इथेच नोकरीस.'

२६ मार्च, सकाळ
वही भाऊंच्या तोंडावर फेकली. स्वतः भोगलंत, तरी माझं मूल आत जाऊ दिलंत? थोबाड फोडणार होते. ते खाली बघत म्हणाले, "ताई, माझी आईसुद्धा तुमच्याच जागेवर होती. पिल्लं तीच उचलायची."
तीच. म्हणजे मी—

साडेअकरा
स्टूल घालून पाळणाघराची काच फोडली. एवढा आवाज झाला, एकही मूल रडलं नाही. लेकीला घेऊन पळाले. क्वार्टरमध्ये आहे. कडी लावली.

कुशीत घेतलं तर किंचाळते. माझ्या कुशीत! काळीज नुसतं धडधडतंय तिचं. खाली ठेवली तरी थांबत नाही— काय केलंत माझ्या पोरीचं, मेल्यांनो—

बारा
मॅडम दाराशी. आवाज तसाच गोड. दार उघड म्हणत नाहीत. एवढंच विचारतायत, नाडी किती मिनिटं झाली उतरली नाही. मी तोंडाला येतील त्या शिव्या घालतेय. पण डोळे घड्याळावर, आणि हात— माझाच हात— लिहितोय

एकतीस
बत्तीस
तेहे—