वॉर्निशचे तीन हात

बाबा, परवाच्या रविवारी तुमच्या नातीला घेऊन रोह्याहून पेणला आले होते, गिटार घ्यायला. हो, गिटारच. हसू नका. दहावीचे पेपर संपल्यापासून पोरीने तोच धोशा लावलाय आणि मी आपली 'बघू, बघू' करत टाळत होते. ऑनलाइन मागवू म्हणाली, तर मी म्हटलं, हातात घेऊन बघितल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही. बोलले आणि जीभ चावली, कारण हे वाक्य तुमचं. कंपनीत, धाटावच्या आमच्या लॅबमध्येसुद्धा मी नवीन मुलांना हेच ऐकवत असते. तुमचं नाव न सांगता.

दुकानदार बरा माणूस होता. भिंतीवरच्या महागड्या गिटारींकडे त्याने आम्हाला बघूच दिलं नाही. "पहिली साधीच घ्या, आवड टिकली तर पुढचं पुढे." तारा पट्टीपासून फार उंच नकोत, नाहीतर पोरीची बोटं सोलून निघतील, मान सरळ हवी, असं सांगत त्याने एक डोळा मिटून गिटारीच्या मानेवरून नजर टाकली. मग बरोबर काय लागतं ते काउंटरवर मांडलं. पावसाला दाद न देणारी जाड बॅग, खांद्याचा पट्टा, तारा छेडायचे तीन-चार पिक, तारांचा एक जादा सेट, सूर जुळवायचा चिमट्यासारखा ट्यूनर. सूर चढवायला मानेवर लावतात तो चाप, कॅपो, आत्ता नको, चार महिन्यांनी या, म्हणाला. मला कौतुक वाटलं त्याचं, गळ्यात मारत नव्हता. तेवढ्यात तुमच्या नातीने विचारलं, "ही अशी फिकी का? चकचकीत नाही का?" तो म्हणाला, "पॉलिश जितकं पातळ, तितका आवाज मोकळा. जाड वॉर्निश मारलं की लाकूड घुमतच नाही." पोरगी मान डोलवत होती, आणि मी तिथल्या स्टुलावर बसले. दुकानदाराने पाणी विचारलं. मी म्हटलं, नको, ऊन लागलं असेल.

मी अठरा वर्षांची होते तेव्हा माझ्या गिटारीसाठी आपण दोघं पॅसेंजरने पनवेलला गेलो होतो, आठवतं? "आपल्यात हे कोण वाजवतं?" हे तुम्ही एकदाच विचारलंत, मग स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात सगळे तुम्हाला डोळ्यांसाठी ओळखायचे. अंग, शेला, पितांबर कोणीही रंगवायचं, पण गणपतीचे डोळे आखायला तुम्हीच लागायचात. श्वास धरून, एका दमात. त्याच नजरेने तुम्ही पनवेलच्या दुकानात गिटार बघताय. बोटाच्या पेराने पाठीवर टकटक करताय, मूर्तीला तडा गेलाय का बघायला करता तशी. "पोकळ हाय ही," तुम्ही गंभीरपणे जाहीर केलंत. दुकानदार म्हणाला, "काका, पोकळच असते." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही काही हटला नाहीत. "फिनिशिंग कच्चं हाय गो. लाकूड उघडंच ठेवलंय. आपल्याकडच्या पावसात टिकायची नाय." पण घेतलीत. वर कापडी कव्हर, दोन पिक, आणि पहिली तार लवकर तुटते म्हणून एक जादा तार. येताना जित्याला गाडी थांबली तेव्हा समोरच्या बाईने विचारलं, यात काय हाय? तुम्ही मांडीवरची गिटार जरा उंच धरून सांगितलंत, "पोरीचं वाद्य हाय." तिने विचारलंही नव्हतं, तरी पुढे म्हणालात, "शिकणार हाय ती."

मग श्रावणात मी तीन दिवस आत्याकडे गागोद्याला गेले. परत आले त्या संध्याकाळी तुम्ही कारखान्यातून आलात ते हातात गिटार घेऊन, आणि तिच्यावर स्वच्छ रुमाल. गणपती घरी नेताना तोंड झाकतात तसा. आईने हसत पाट मांडला. खरंच मांडला हो, आणि तुम्ही गिटार पाटावर भिंतीला टेकवून ठेवलीत आणि रुमाल काढलात. अशी चकाकत होती! वॉर्निशचे तीन हात, एक वाळल्यावर दुसरा. कडेने सोनेरी वेल, वेलीला लाल फुलं. मधल्या गोल भोकाभोवती तर मखराला करतात तशी नक्षी. "बुरशी धरली होती लाकडाला," तुम्ही म्हणालात. "आता पाऊस काय करतोय बघू. कसं झालंय?" ऐन हंगामात, शेकडो मूर्ती डोळ्यांसाठी खोळंबलेल्या असताना, तुम्ही तीन दिवस माझ्या गिटारीवर हात फिरवत होता.

मी तारा छेडल्या. भद्द. उशीवर थापटल्यासारखा आवाज आला. आणि मी काय बोलले ते तुम्हालाही आठवत असेल, कारण शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. "मारून टाकलीत तुम्ही तिला! गणपती आणि गिटार यातला फरक कळत नाही तुम्हाला. रंगाशिवाय काय कळतंय?" तोंडाळ तर मी होतेच, पण त्या दिवशी कहर केला. आई म्हणाली, "काय बोलतेस गो बापाला!" तुम्ही रुमालाची घडी घालत होता. म्हणालात, "चुकलं गो माझं. मला वाटलं…" काय वाटलं ते सांगितलंच नाहीत. मी गिटार कव्हरमध्ये कोंबली आणि माळ्यावर टाकली. पुढे कॉलेज संपलं, नोकरी लागली, लग्न होऊन रोह्याला आले. दरवर्षी गणपती गेले, कारखाना जरा निवांत झाला की तुम्ही विचारायचात, "ती गिटार काढतेस का कधी?" मी म्हणायचे, "काय काढायचंय त्यात?" तुम्ही "नाय, सहज" म्हणून चहाचा कप उचलायचात. मला वाटायचं, बाबा मुद्दाम खपली काढतात. मग नात सहा महिन्यांची असताना तुम्ही गेलात, आणि विचारणारंच कोणी राहिलं नाही.

परवा दुकानातून काही न घेता निघालो. नंतर येतो, म्हटलं, आणि जेवायला आईकडे गेलो. जेवताना पोरगी आजीला सगळं सांगत बसली. आईने भाताचा हात थांबवला आणि म्हणाली, "माळ्यावर हाय ना एक. ती बघा की आधी." मी म्हटलं, "आई, ती मेलेली आहे." आई म्हणाली, "तू बघितलीस?" पोरगी तेवढ्यात शिडीवर चढलीसुद्धा.

कव्हर उघडलं आणि मला कळेचना. वेल नाही. लाल फुलं नाहीत. वॉर्निश नाही. नुसतं फिकं, मऊ लाकूड, पनवेलच्या दुकानात होतं तसं. तारा काढून ठेवलेल्या, आणि कव्हरच्या खिशात आपण घेतलेले दोन पिक आणि तारांचं एक अख्खं पाकीट, न फोडलेलं, आतून गंजलेलं. ते मी आणलेलं नाही. "चार उन्हाळे घासत होते," आई म्हणाली. "दुपारी मागच्या पडवीत बसायचे काचपेपर घेऊन. कारखान्यातलं कोणी आलं की गोणपाट टाकायचे वर. मला म्हणाले, तिला सांगू नको. ती काढेल तेव्हा बघेल." बाबा, तुमच्याच हाताची नक्षी तुम्ही खरवडून काढलीत. फक्त मागच्या बाजूला, वाजवताना पोटाशी टेकते तिथे, एक सोनेरी पान राहिलंय. विसरलात की ठेवलंत, ते आईलाही माहीत नाही. आणि मी दरवर्षी म्हणत राहिले, काय काढायचंय त्यात. मी आईच्या स्वयंपाकघरात हमसून हमसून रडले, जेवणाच्या ताटावर. पोरगी घाबरली बिचारी.

दुपारी चारला पुन्हा त्या दुकानात. त्याने मानेवरून डोळा लावला, सरळ आहे म्हणाला, तारांचा ताण नव्हता म्हणून वाचली. नवा सेट चढवला, चिमटा लावून सूर जुळवले आणि सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. आवाज दुकानभर झाला. मग त्याने लाकडावर तळहात फिरवला आणि विचारलं, "कोणी घासलीय ही? कुठेही एक रेघसुद्धा जास्त गेली नाही." मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. गणपतीचे डोळे आखायचे, इथल्याच कारखान्यात. "मग बरोबर," तो म्हणाला. बॅग, पट्टा, पिक, ट्यूनर घेतला. गिटार घ्यायची वेळच आली नाही. पोरगी परतीच्या बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसली होती. कोणी विचारलं नाही, नाहीतर सांगितलं असतं.

आता ती आतल्या खोलीत तीच तीच तार वाजवतेय आणि मी जेवणाच्या टेबलावर हे लिहितेय. हे पत्र टाकायला पेटी नाही, ठाऊक आहे. पण एक गोष्ट राहिलीय, आणि ती पोरीलाही सांगितलेली नाही. तुम्ही वॉर्निश मारलंत श्रावणात. मी गिटार आषाढातच सोडली होती. बोटं दुखायची, तीन बोटं एकदम दाबायचा एक कॉर्ड काही केल्या बसत नव्हता, आणि तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू, तुम्ही तर जित्याच्या त्या बाईलाही सांगून बसला होता. बुरशी पावसाने धरली नव्हती, बाबा. महिनाभर मी तिला हातच लावला नव्हता. तुम्ही रुमाल काढलात, तो भद्द आवाज आला, मला राग आला, तो खरा होता. पण त्याच्याखाली मला सुटल्यासारखं वाटलं. आता गिटार का सोडलीस असं कोणी विचारलं तर तुमचं नाव सांगता येणार होतं. तेच मी सांगत राहिले, आणि तुम्ही चार उन्हाळे घासत बसलात.