मऊ स्प्रिंगचे सहा पानी उत्तर

१२ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या भावजयीचा खोकला गेला, आता ती पूर्ण आवाजात मला बोलू शकते. गॅरेजचे पुढचे शटर बदलले. ही झाली बातमी, आता कामाचे.

घाटाची शर्यत नऊ मार्चला आहे आणि आपल्या शहाण्याने जाहीर केले आहे की ही त्याची शेवटची. सलग पाच वर्षे चषक नेणारा आपला सख्खा चुलतभाऊ आता निवृत्त होणार, सत्कार घेणार, आणि मग मी त्याला हरवायचे कुठे? त्याच्या दिवाणखान्यात? परवा क्लबात त्याने सर्वांदेखत माझ्या गाडीला पाळणा म्हटले. वळणावर इतकी कलते, तर आत बाळ झोपते का, असेही विचारले. सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन दाराला लाथ घातली. दाराला काही झाले नाही, अंगठा अजून दुखतो.

तर मी ठरवले आहे, गाडीला बाजारात मिळतील तितक्या कडक स्प्रिंग बसवायच्या. दगडासारखी गाडी करायची. तू गाड्यांचे शास्त्र शिकवतेस म्हणून नुसते विचारतो, किती कडक? लगेच कळव. माझ्यासाठी नको, तर तुझ्या त्या कोष्टकासाठी कळव.

तुझा,
धाकटा

---

१८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अंगठ्याला गरम पाण्याचा शेक दे. दार निर्दोष होते.

आता प्रश्नाकडे वळू, आणि घाई न करता वळू. गाडी रस्त्याला चार ठिकाणी टेकते आणि प्रत्येक टेकण्याची जागा तुझ्या तळहाताएवढी असते. वेग, वळण, ब्रेक, सारे या चार तळहातांच्या जोरावर चालते. म्हणून स्प्रिंग कडक की मऊ हा प्रश्न मुळात असा आहे: चाक जमिनीला अधिक काळ चिकटून कशाने राहील?

रस्ता काचेसारखा गुळगुळीत असेल तर कडक स्प्रिंग उत्तम. गाडी कलत नाही, स्टीअरिंग वळवताच वळते. पण रस्ता खडबडीत असेल तर कडक स्प्रिंग चाकाला खड्ड्यात उतरू देत नाही. उंचवट्यावर आपटलेले चाक क्षणभर हवेत जाते, आणि हवेतल्या चाकाला ना वळवता येते, ना थांबवता येते. मऊ स्प्रिंग चाकाला रस्त्यामागून जाऊ देते. गाडी कलते, हे खरे. परंतु कलणे दिसते वाईट. घड्याळाला ते दिसत नाही. मात्र फार मऊ करशील तर स्प्रिंग तळाला बसेल आणि तो धक्का कडक स्प्रिंगपेक्षाही वाईट.

तुमच्या घाटाचा खालचा अर्धा भाग डांबरी, वरचा अर्धा जुन्या काँक्रीटच्या फरशांचा, दर फरशीला सांधा. माझे म्हणणे तू मानू नकोस, मोजून पाहा. शॉकअब्सॉर्बरच्या दांड्यावर एक घट्ट रबरी कडे चढव. चाक वर आले की ते कडे सरकते आणि तिथेच राहते. फेरीनंतर चाक किती हलले ते समजते. कडक स्प्रिंगवर तीन फेऱ्या, मऊवर तीन. एका वेळी एकच गोष्ट बदल. टायरची हवा, पेट्रोल, तुझी न्याहारी, सारे सारखे ठेव.

कोष्टकाचे तू काढलेस म्हणून लिहिते. अठरा वर्षांपूर्वी चाकाच्या दांड्याला पेन्सिल बांधून आणि मडगार्डवर कागदाची गुंडाळी लावून त्या घाटावर मी तीन महिने रेघा काढल्या. त्या रेघांवरून कोणत्या रस्त्याला कोणती स्प्रिंग याचे कोष्टक केले. आई दवाखान्यात होती, म्हणून आम्ही दोघे नोकरीला होतो त्या कारखान्यात पोचवायला फाइल मी शहाण्याच्या हाती दिली. त्याने पोचवली, नावाचे पहिले पान तेवढे बदलून. चाचणी विभागाचे प्रमुखपद त्याला मिळाले आणि त्याचे कोष्टक त्याला समजावून सांगण्याचे काम मला. मी तीनदा तक्रार केली; वरिष्ठांनी घरगुती भांडण म्हणून ती परत केली. आज क्लबाच्या नियमपुस्तकात ते त्याच्या नावाने छापले जाते. मी काहीही विसरलेली नाही. म्हणूनच तू नीट मोजावेस, असे वाटते.

माया आहेच, ती मोजण्याची गरज नाही.

तुझी,
ताई

---

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

कडक स्प्रिंगवर सर्वांत चांगली फेरी सहा मिनिटे एकेचाळीस सेकंदांची. मऊवर सहा मिनिटे तेहेतीस! मी घड्याळ बदलून पाहिले, तरी तेच. वरच्या फरशांवर कडक गाडी अशी उडत होती की माझा चष्मा नाकावरून उतरून मांडीवर आला. कडे पाहिले तर चाक जेमतेम दोन बोटे हलले होते. मऊवर चांगली चार बोटे, आणि तळाला लागले नाही. बायको म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचे तरी ऐकले, तो दिवस तिने भिंतीवर लिहून ठेवला आहे.

मागच्या वर्षी शहाणा सहा पस्तीसमध्ये वर पोचला होता. म्हणजे मी आताच दोन सेकंदांनी पुढे आहे!

आणखी गंमत. खालच्या अर्ध्या भागावर गेल्या महिन्यात नवे डांबर पडले, अगदी रेशीम. त्यामुळे क्लबात वाद पेटला आहे की आता स्प्रिंग कडक घ्यावी की मऊच ठेवावी. सगळे शहाण्याला विचारतात, कारण कोष्टक त्याचे. तो मान हलवतो, गूढ हसतो आणि चहा मागवतो. त्याला येत नाही, ताई. तुझ्या जुन्या रस्त्याचे आकडे त्याच्याकडे आहेत, नव्याचे काढायचे कसे ते कुठे आहे!

तुझा विजयी (होणारा),
धाकटा

---

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

प्रयोग उत्तम झाला. चष्म्याला दोरी लाव.

काल मला एक पत्र आले. अठरा वर्षांत पहिलेच. शहाण्याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली आहे, आईच्या हातच्या शिवणाची आठवण काढली आहे, आणि तिसऱ्या पानावर, जणू लिहिता लिहिता सुचले अशा थाटात विचारले आहे की खाली नवे डांबर आणि वर जुन्या फरशा असतील तर मी स्वतः कोणती स्प्रिंग निवडेन. शेवटी लिहितो, जुने मनात ठेवू नये, आपण एकाच घरातले.

पत्र मी दोनदा वाचले. मग विद्यार्थ्यांच्या पंचवीस वह्या तपासल्या. उत्तर देणार आहे.

तुझी,
ताई

---

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

देवाने थाळीत वाढून दिले आहे! त्याला कडक सांग. ठणठणीत कडक सांग, चार आकडे टाक, एक आकृती काढ. तुझ्या अक्षरातले काहीही खरे वाटते, मी लहानपणी तुझ्या अक्षरात शाळेला रजेचे अर्ज देत असे, मला ठाऊक आहे. एक वाक्य खोटे लिही, ताई. त्याने अख्खी फाइल खोटी केली. त्याच्या अठरा वर्षांपुढे तुझे एक वाक्य काय आहे?

आणि पापाची भीती वाटत असेल तर ते माझ्या नावावर टाक.

तुझा,
धाकटा

---

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

उत्तर गेले. सहा पाने झाली. त्यात लिहिले आहे की स्प्रिंग मऊच ठेवावी.

आता कागद खाली ठेवून ओरडून घे, मग पुढे वाच.

कारणेही सविस्तर दिली. डांबरावर कडक गाडी जे मिळवेल ते फार तर दोन सेकंद. फरशांवर गमावेल ते दहा. रस्त्याचे दोन भाग असतील तेव्हा सरासरी काढू नये, जिथे जास्त गमावतो त्या भागासाठी गाडी बांधावी. दुसऱ्या पानावर मी त्याला पेन्सिल आणि कागदाच्या गुंडाळीची पद्धत पुन्हा समजावली. कोष्टकाचा चौथा स्तंभ कसा काढला, तेही लिहिले. कारखान्यात सांगितले होते तेव्हा त्याचे लक्ष खिडकीकडे होते.

तू विचारशील, का. एक, मी सोळा वर्षे शिकवते आहे आणि चुकीचा आकडा लिहायला माझा हात वळत नाही. दोन, सातव्या वळणाला कठडा कमरेइतकाही नाही. खोट्या आकड्यावर विसंबून एखादा माणूस तिथून खाली गेला तर? मला तो हरलेला हवा आहे. मेलेला माणूस लाजत नाही.

तीन, मी त्याला तुझ्यापेक्षा पाच वर्षे जास्त ओळखते.

रागावलास तरी जेवण टाळू नकोस.

तुझी,
ताई

---

२१ फेब्रुवारी

ताईस,

नुसता न., सा. नाही. फक्त एवढेच लिहितो की आता आम्ही दोघे एकाच स्प्रिंगवर धावणार, आणि त्याचे इंजिन माझ्यापेक्षा जोरदार आहे. तुझ्या तत्त्वाला माझा नमस्कार सांग.

धाकटा

---

१० मार्च

परमपूज्य, महान, तीर्थरूप ताईस,
साष्टांग, अष्टांग आणि उरलेली अंगे असतील तीही.

सहा मिनिटे एकतीस! चषक समोर ठेवून लिहितो आहे. तुझ्या भावजयीने त्यात चमचे उभे केले आहेत, पण ते राहू दे. क्रमाने सांगतो, नाहीतर तू ओरडशील.

शहाणा माझ्या आधी निघाला. खालच्या डांबरावर तो बाणासारखा गेला, गाडी तसूभरही कलली नाही. मी सुरुवातीच्या रेषेवर उभा होतो. मग वरून बातमी आली की फरशा लागताच त्याची गाडी टणाटण उड्या मारू लागली. दर सांध्याला मागचा भाग बाजूला सरकत होता आणि तो दर वळणाला अॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेत होता. सहा चव्वेचाळीस. चौथा! खाली उतरला तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता.

तिथेच थांबला असता तर वाचला असता. पण सत्काराला आलेली माणसे बघत होती. त्याने आपल्या मेकॅनिकवर बोट रोखले आणि सर्वांसमोर म्हणाला की या अडाण्याने चुकीच्या स्प्रिंग चढवल्या. मेकॅनिक पन्नाशीचा शांत गृहस्थ. त्याने फडक्याला हात पुसले, हत्यारांच्या पेटीतून एक फाइल काढली आणि क्लबाच्या अध्यक्षीणबाईंच्या हातात दिली. शहाण्याने एकदा असेच त्याच्यावर ढकलले होते म्हणे, तेव्हापासून तो लेखी हुकमाशिवाय नटही फिरवत नाही.

फाइलमध्ये तुझी सहा पाने होती, ताई! आणि प्रत्येक पानाच्या समासात लाल पेन्सिल. पहिल्याच पानावर, ही सूड घेते आहे, हिचे उलट करणे. जिथे जिथे तू मऊ लिहिलेस तिथे तिथे काट मारून कडक, आणि खाली झोकदार सही!

अध्यक्षीणबाईंनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचत गेल्या. दुसऱ्या पानापाशी थांबल्या, आणि ते मोठ्याने वाचले. पेन्सिल, गुंडाळी, चौथा स्तंभ, सगळे. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात शहाण्याला विचारले की कोष्टक त्याचे असताना त्याने ते दुसरीला का विचारले. तो म्हणाला, सहज. त्या म्हणाल्या, बरे, मग चौथा स्तंभ कसा काढतात तेवढे सहजच सांगा. ताई, त्याने नेहमीसारखी मान हलवली आणि गूढ हसला. मागून कोणीतरी त्याच्यासाठी चहा मागवला आणि सगळा मांडव हसला.

सत्काराचा हार टेबलावरच राहिला. नव्या नियमपुस्तकात कोष्टकावर तुझे नाव येणार आहे; तसे पत्र क्लब तुला धाडतो आहे. कारखान्याचे दोन साहेब पाहुणे म्हणून आले होते, त्यांनी फाइलची नक्कल मागून घेतली.

एकवीस तारखेचे पत्र फाडून टाक. मी गाढव आहे.

तुझा,
धाकटा

---

१७ मार्च

सौ. ताईस,
स. न. वि. वि.

फार लिहीत नाही. कारखान्याने मला चौकशीपर्यंत घरी बसवले आहे. फोन कोणी उचलत नाही, म्हणून वेळ आहे, आणि वेळ आहे म्हणून एकच गोष्ट डोक्यात फिरते. तू सहा पाने खरी लिहिलीस. मी तुझ्या जागी असतो तर खोटी लिहिली असती, आणि म्हणूनच मला ती खोटी वाटली. तू लिहिताना हे तुला ठाऊक होते का? मी विश्वास ठेवणार नाही, हे ठरवूनच तू खरे लिहिलेस का?

एवढे सांग. जुन्या नात्याला स्मरून सांग.

तुझा,
चुलतभाऊ

---

२२ मार्च

चि. शहाण्यास,
आशीर्वाद.

तुझा प्रश्न स्पष्ट आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देते. होय.

लिहिण्याआधी मी दोन्ही शक्यता तपासल्या. तू विश्वास ठेवला असतास तर धाकटा कदाचित हरला असता आणि मी ते सोसले असते. विश्वास ठेवला नसतास तर काय होईल, याचे गणित मी तीनदा केले. फरशांवर अतिकडक गाडी चालवणाऱ्याला पहिल्याच सांध्यापासून हादरे देऊन घाबरवते. तो वेग कमी करतो, हरतो आणि धडधाकट घरी येतो. हे पक्के झाल्यावरच मी पाकीट चिकटवले. निवड मात्र पूर्णपणे तुझी होती.

कारखान्याच्या चौकशी समितीने मला साक्षीला बोलावले आहे. तिथेही मी खरे तेच सांगणार आहे. या वेळी विश्वास ठेवलास तर बरे.

प्रकृतीस जपावे.

तुझी,
ताई