भाड्याचं पब्लिक

आबा, काल तुमच्या नातवाची मॅच होती. तुम्ही इकडं आला होता तेव्हा हा घरभर रांगत होता आणि तुमच्या चष्म्याला हात घालत होता. आता माझ्याहून वीतभर उंच झालाय आणि शाळेकडून रग्बी खेळतो. होय, रग्बीच. तुम्ही ज्याला अंड्याचा खेळ म्हणायचात, तोच. घरात माझ्या तोंडून कधी चुकून तुमचा शब्द निघाला की म्हणतो, "डॅड, प्लीज. इट्स नॉट ॲन एग." आता आम्ही खलिफा सिटीत राहतो, घराजवळच मैदान आहे. आईबाप घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, कॉफी पितात, हळू आवाजात टाळ्या वाजवतात. काल त्यानं चेंडू पोटाशी धरून शेवटची रेषा गाठली आणि माझ्या पाठीमागं कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की मी खुर्चीतून उठलोच. वळून बघितलं तर एक ड्रायव्हर होता, कुणाच्या तरी पोरीला घ्यायला आलेला. पुढची मॅच मी बघितली, पण मला दिसली नाही. घरी आलो, चहा घेतला आणि हे लिहायला बसलो.

कोल्हापुरात फुटबॉलच्या मॅचच्या दिवशी तुम्ही हातांवरची फौंड्रीची काजळी साबणानं घासून घासून काढायचात. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, मी सायकलच्या दांडीवर. आपल्या पेठेच्या तालमीची टीम एकीकडं आणि पलीकडच्या पेठेची दुसरीकडं. मॅच हरली तर आठ-आठ दिवस तुम्ही त्या पेठेतल्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घ्यायचा नाहीत. गेटवरचा माणूस आपल्याच गल्लीतला होता. तो दर वेळी म्हणायचा, "एवढ्याशा पोराला कशाला तिकीट? जाऊ दे की आत." आणि तुम्ही दर वेळी खिडकीत हात घालून सांगायचात, "दोन दे. फुकट आत गेला तर वरडंल कुणाच्या जिवावर?" पुढं मी शाळेच्या टीममध्ये राखीव म्हणून बसायला लागलो, मास्तरांनी घरच्यांसाठी पास दिला, तर तो पास तुम्ही देवाच्या फोटोमागं ठेवलात आणि तिकीट काढून आलात. आई हसायची. म्हणायची, "पोटच्या पोराला बघायला पैसे मोजणारा एवढा एकच माणूस असंल."

गॅलरीत बसलं की तुमची ती शिट्टी. समोरच्या गॅलरीत बसलेले विरोधी पेठेचे लोकही मान वळवायचे. मला शिकवायचा तुम्ही केवढा खटाटोप केलात. जीभ मागं दुमड, बोटं अशी धर, वारा खालनं सोड. मी बोटं तोंडात घालायचो, गाल फुगवायचो, आणि तुम्ही पाठीवर थाप मारून म्हणायचात, "शाब्बास, मर्दा." कान मात्र मी तुमच्याकडून बरोबर उचलले. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून गॅलरी कुणाची, भरलीय किती, गोल झालाय की हुकलाय, हे ओळखायला तुम्ही शिकवलंत. त्या कानांवर मी पुढं पोट भरलं, हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही.

इकडं आखातात, रुवैसला रिफायनरीत परांच्या बांधायला आलो तेव्हा माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. परांचीवर फळी टाकली की कामगार उभा राहतो आणि खुर्ची टाकली की प्रेक्षक बसतो, एवढंच डोकं मी चालवलं. काही वर्षांत दुबईत स्वतःचा छोटा धंदा झाला, मैदानांवर तात्पुरत्या गॅलऱ्या बांधून द्यायचा. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रग्बीच्या चॅम्पियनशिपचं. शहराबाहेर वाळूत दोन मैदानं होती, मध्ये एक पार्किंग. अलीकडं रग्बी, पलीकडं फुटबॉल. आणि त्या दोन ऑफिसांचं वैर म्हणजे आपल्या दोन पेठांचं झालं. रस्त्यावर ह्यांचं होर्डिंग लागलं की चार दिवसांत त्याच्यापुढं त्यांचं दुप्पट मोठं. मॅचच्या दिवशी दोघंही एकमेकांचं पार्किंग न्याहाळत बसायचे. रग्बीची तिकिटं उन्हाळ्यातच खलास व्हायची, सगळे गोरे, सगळे ऑफिसर. फुटबॉलला गेट फुकट ठेवूनही गॅलरी भरत नसे, म्हणून तिकडचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मॅनेजर कामगारांच्या कॅम्पवर बस पाठवायचा. बिर्याणीचं पाकीट द्यायचा, गळ्यात क्लबचा मफलर घालायचा आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढं बसवायचा. रग्बीच्या ऑफिसात त्यावर हसाहशी चालायची. भाड्याचं पब्लिक, म्हणायचे.

२००८ च्या मंदीचा तो हिवाळा आला आणि ज्या गोऱ्यांनी तिकिटं घेतली होती त्यांच्या नोकऱ्या गेल्या. तिकिटं परत येऊ लागली. काही तर परतही आली नाहीत, माणसंच निघून गेली. पार्किंगमध्ये मिसरी भेटला तर हात पसरून म्हणाला, "हबीबी, तुझ्या गेमला लोक बिअर प्यायला येत होते. बिअरवाले गेले. खलास." दोन्ही फायनल एकाच शुक्रवारी होत्या आणि कुणीच तारीख हलवायला तयार नव्हतं. रग्बीच्या साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं. टीव्हीचा कॅमेरा ज्या गॅलरीकडं तोंड करून असतो ती रिकामी दिसली तर स्पॉन्सर जाणार, आणि स्पॉन्सर गेला तर पुढच्या वर्षी तुझ्या गॅलरीचं काम कुठलं, असं त्यानं सरळ विचारलं. त्या एका कामावर माझं वर्कशॉप उभं होतं आणि माझ्याकडच्या माणसांचे व्हिसे. मी म्हणालो, "सर, ती गॅलरी मी बांधलीय, भरून पण मीच देतो."

नेमके त्याच महिन्यात तुम्ही आलात. आई गेल्यानंतर पहिल्यांदा घर सोडून. दुबईत ऊद मेथाच्या आमच्या त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीशी तुम्ही स्टूल घेऊन बसायचात आणि सूनबाईला विचारायचात, "त्या क्रेनी कालपास्नं हललेल्या न्हाईत. आज सुट्टी हाय काय?" तुम्हाला करमेना म्हणून मी तुम्हाला कॅम्पवर नेलं. तिथं कागल-गडहिंग्लजकडचे, साताऱ्याचे, कोकणातले गवंडी आणि सुतार होते. साईट बंद, पगार बंद, दिवसभर खाटेवर पडून. तुम्ही गेलात आणि तासाभरात त्या खोलीत आपली गल्ली भरली. कुणाची तालीम कुठली, कुणी कुणाला कुठल्या साली हरवलं, ह्यावर आवाज चढले. त्यानंतर रोज तुम्हाला तिकडंच जायचं असायचं. मी दाराशी उभा राहून ऐकायचो आणि मला वाटायचं, हे बरं झालं. माणसं आबांचं ऐकतात. आपलं काम झालं.

शुक्रवारची बस मी ठरवली. मिसरी बिर्याणी देत होता, मी बिर्याणीवर टोपी आणि कोल्ड्रिंक वाढवलं. तुम्हाला म्हटलं, "आबा, तुम्ही कॅम्पच्या गेटवर थांबून सगळ्यांना माझ्या बसमध्ये बसवा. तुमच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत."

तुम्ही भाकरी मोडत होता. मान वर न करता विचारलंत, "कुठल्या मॅचला?"

"रग्बीच्या."

"ते अंडं काखोटीला मारून पळत्यात ते? आणि शेजारी खरा फुटबॉल हाय त्याच टायमाला?"

"आबा, माझं पुढच्या वर्षीचं काम आहे त्याच्यावर."

तुम्ही तुकडा कालवणात बुडवलात. मग म्हणालात, "बसवतो. पण मी बसणार न्हाई. मी फुटबॉलला जातो. तू पण ये तुझं आवरलं की. किती वरसं झाली शेजारी बसून." मी म्हणालो, "येतो की. दहा मिनिटं तरी येतोच." माझं अर्धं लक्ष फोनकडं होतं.

कोल्हापूरच्या फुटबॉलच्या माणसाला रग्बीचं पब्लिक भरायला उभं करणारा माझ्याएवढा शहाणा दुसरा कोण असेल? गेटवर काय झालं ते मला माझ्या ड्रायव्हरनं सांगितलं. दोन्ही बस समोरासमोर उभ्या होत्या. तुम्ही खरंच सगळ्यांना माझी बस दाखवत होता. "चला, ह्यात बसा, माझ्या पोराची गाडी हाय." एक पोरगा पायरीवर थांबला. "आबा, तुम्ही कुठल्या गाडीत?" तुम्हाला खोटं बोलता आलं नाही. तुम्ही म्हणालात, "माझं सोड. मी फुटबॉलला निघालोय." झालं. चढलेले उतरले. ड्रायव्हर ओरडत होता, "यल्ला, यल्ला!" पण खोलीच्या खोली तुमच्या मागनं पलीकडच्या बसमध्ये गेली.

माझ्या गॅलरीत तुरळक टोप्या दिसत होत्या. साहेब माझ्याकडं बघायचा, कॅमेऱ्याकडं बघायचा, परत माझ्याकडं बघायचा. मी गॅलरीच्या मागच्या बाजूला, पाइपांच्या जंगलात जाऊन उभा राहिलो. रिकाम्या फळ्यांचा आवाज वेगळाच असतो, वारा नुसता आत-बाहेर करतो. तिथं पार्किंगवरून पलीकडचा आवाज यायला लागला. विकतचं पब्लिक मला लगेच कळतं. ते एकदम टाळ्या वाजवतं, एकदम थांबतं आणि नेहमी क्षणभर उशिरा. हा आवाज तसला नव्हता. गोल व्हायच्या आधीच चढत होता, हुकला की कळवळत होता. आणि त्याच्यावर तुमची शिट्टी. एवढ्या लांबून. वाळू ओलांडून. मी त्या पाइपाला धरून उभा होतो आणि मला ओठांवर हसू आलेलं कळलं. दहा मिनिटं मिळाली असती, आबा. पार्किंग ओलांडायचं होतं फक्त.

घरी येताना गाडीत मी तुम्हाला म्हणालो, "माझं पब्लिक पळवलंत तुम्ही." तुमचा आवाज बसलेला होता, तोंडावर मात्र लहान पोरासारखा उजेड होता. तो हळूहळू गेला. तुम्ही म्हणालात, "तुझं कुठं हुतं ते?" आणि खिडकीबाहेर बघत बसलात. सिग्नलला गाडी थांबल्यावर एवढंच म्हणालात, "आला न्हाईस." मी म्हणालो, "काम होतं." परत जाताना विमानतळावर तुम्ही माझ्या गालावरून हात फिरवलात, फौंड्रीचा खरबरीत हात. मी ट्रॉलीकडं बघत होतो. त्यानंतर फोनवर "जेवलास काय?" आणि "होय, तुम्ही?" पावसाळ्याच्या तोंडाला तुम्ही गेलात. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मी पोचलो तेव्हा पंचगंगेवरून लोक परत आले होते.

रग्बीचं काम गेलंच. वर्कशॉपवर कुलूप लागायची वेळ आली असताना मिसरीचा फोन आला. त्यांना पक्की मोठी गॅलरी हवी होती. त्या शुक्रवारची गर्दी टीव्हीवर बघून त्यांचा स्पॉन्सर वाढला होता. चहा मागवून तो म्हणाला, "एक गोष्ट विचारू? शिट्टी मारणारा तो म्हातारा तुमच्या लोकांतला ना? ह्या वर्षी त्याला पुढं बसवू. पण हबीबी, त्याला समजाव. गेट फुकट आहे." मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाला, "काउंटरवर केवढा भांडला. तिकीट दे म्हणे. आम्ही म्हणतो फ्री, तो म्हणतो फ्री नको. शेवटी काउंटरवरच्या पोरानं जुनी कुठली तरी तिकिटं शोधून फाडून दिली, तेव्हा आत गेला. दोन मागितली. एकटाच होता, पण दोन. बाजूच्या खुर्चीवर टॉवेल टाकला आणि शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही. क्लबचा मोठा माणूस आला, त्यालाही हातानं पुढं जा म्हणाला. कुणाची वाट बघत होता, माहीत नाही." मी म्हणालो, "तो आता येणार नाही." तो म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी." चहा तसाच राहिला.

आज दोन्ही मैदानं भरतात. रग्बीवाले परत आलेत, नवे गोरे, नवे ऑफिसर. फुटबॉलवाल्यांना आता बस पाठवावी लागत नाही, असं ते सांगतात. मी दोघांनाही गॅलऱ्या बांधून देतो आणि दोघांच्याही वैराची चहा पिता पिता मजा घेतो. तुमचा नातू काल विचारत होता, "डॅड, व्हाय डोन्ट यू एव्हर शाऊट?" सगळ्यांचे बाप ओरडतात म्हणे. मी म्हणालो, घसा धरलाय.

हे पत्र घालायला पेटी नाही, आणि असती तरी मी घातलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असंच अजून वाटतं. मला शिट्टी येत नाही, आबा. कधीच आली नाही. त्या गॅलरीत तुमच्या शेजारी मी बोटं तोंडात घालून नुसती हवा फुंकत होतो. तुम्ही तिकीट काढून आत नेलेलं एवढंच एक पब्लिक होतं, आणि त्याचा आवाज खोटा होता. काल त्या ड्रायव्हरची शिट्टी ऐकल्यावर मी पुन्हा बोटं तोंडात घातली, जीभ मागं दुमडली आणि फुंकलं. शेजारच्या बाईनं वळून विचारलं, "आर यू ओके?"

पण मला आता वेगळीच शंका येते. तुमचे कान माझ्याहून तिखट होते. एवढ्या गर्दीत तुम्ही पेठ ओळखायचात. मग शेजारी बसलेलं पोर नुसतं फुंकतंय हे तुम्हाला ऐकू आलं नसेल?

शाब्बास, मर्दा, म्हणायचात.