दोन सह्यांचा नियम

रविवार, १२ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. तुझी वहिनी गुडघ्यांवर करवादते आणि गुडघे तिच्यावर.

निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी गावाबाहेरच्या निसर्ग उद्यानात जातो. वहिनीनेच पिटाळलं. "घरात बसून दूधवाल्याच्या मापावर संशय घेण्यापेक्षा पाखरं बघा," म्हणाली.

तिथे फाटकाजवळच्या खोलीत एक वही असते. कोणी कुठला प्राणी-पक्षी पाहिला ते त्यात लिहायचं. आठवड्याभरातच माझ्या लक्षात आलं, इथे थापांना ऊत आलाय. मोठ्या लेन्सवाले एक गृहस्थ रोज दुर्मिळ घुबड बघायचे, तेही नेमके एकटे असताना! एक दंतवैद्य बाई तर झुडूप हललं की पक्ष्याचं नाव सांगून मोकळ्या. तीस वर्षं गाडीत तिकिटं तपासलेला माणूस मी. बिनतिकिटाचा चेहरा लांबून ओळखतो. वही सांभाळणाऱ्या गाइड बाईंच्या मागे लागून नियमच करून घेतला: दोघांच्या सह्या असल्याशिवाय नोंद नाही. त्या दिवसापासून घुबड गायब. मला किती आनंद झाला, काय सांगू.

बाकी मी बरंच शिकलो हं. खंड्याची ठरलेली फांदी मला ठाऊक आहे. बगळ्याच्या ध्यानावर मात्र माझा मुळीच विश्वास नाही.

गेल्या गुरुवारी तळ्यावरच्या लाकडी पुलावर मी एकटाच होतो. लव्हाळ्यातून पाणमांजर वर आलं. पुढच्या पायांत मासा धरून त्याने डोक्याकडून कडाकडा खाल्ला, ओल्या मिशांनी माझ्याकडे पाहिलं आणि बुडी मारली. अकरा वर्षांत इथे कोणाला पाणमांजर दिसलेलं नाही.

मी धापा टाकत फाटकाशी गेलो.

"दुसरी सही?" गाइड बाई म्हणाल्या.

"अहो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!"

"काका, नियम तुमचाच ना?"

लेन्सवाले बाकावर बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "मोठा उंदीर असेल."

खरं बोलत असून मी तिथे चोरासारखा उभा होतो. फार लागलं मनाला. आणि तू आठवलीस.

आई गेली त्या दुपारी तू माझ्याजवळ येऊन म्हणालीस, "दादा, आई शेवटी तुझ्याबद्दल बोलली." मी काय विचारलं? "खोलीत आणखी कोण होतं?" तू उठून गेलीस. पुढचं वाक्य माझ्यापर्यंत आलंच नाही.

मला वाटलं, मनचं काहीतरी रचून तू माझी समजूत घालते आहेस. आता खरं सांगतो. तुझा फोन मला सकाळीच आला होता. उशिरा कळलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण फोन ठेवून मनात म्हटलं, ही नेहमीच घाबरवते, आणि ड्यूटीवर गेलो. तुझ्यावर विश्वास ठेवला असता, तर त्या खोलीत दुसरा माणूस मीच असतो.

जित्याची खोड आहे, जाणार नाही. हे पत्र तू न वाचताच फाडशील, असा संशय आत्ताही येतोच आहे.

आई काय म्हणाली ते लिही. चांगलं नसलं तरी लिही. सोबत कोण होतं, ते या वेळी विचारणार नाही.

तुझा,
उशिरा आलेला दादा