मोठ्या पोटाचा बैल

अण्णा, काल सप्ताह संपला. शहागडच्या मठात यंदाही सात दिवस माणसं मुक्कामाला होती, पोथी झाली, पंगती झाल्या, आणि मठामागच्या लिंबाखाली पोरांना मातीकामाला घेऊन मी बसले. हे काम तुमचं. तुमच्यानंतर ते माझ्याकडे कसं आलं, आठवत नाही. कुणी विचारलं नाही, मीही नको म्हटलं नाही.

तुम्ही ते सुरू केलंत तेव्हा निजामाचा अंमल होता आणि मी नऊ वर्षांची होते. त्याच उन्हाळ्यात आई गेली होती. तिच्या अस्थी गोदावरीच्या याच घाटावर आणल्या, तर मडकं तुमच्या हातून सुटेना. "दादा, सोडा आता," काका दोनदा म्हणाले, आणि शेवटी त्यांनीच तुमची बोटं एकेक करून उघडली. मी पायरीवर उभी राहून बघत होते. मला रडू आलं नाही. बायका त्यावरही कुजबुजल्या. मार्गशीर्षात सप्ताह बसला तेव्हा तुमचं मन पोथीत ठरत नव्हतं. "पोरं लई कालवा करून राह्यलीत, मी घिऊन बसतो त्यांना," असं म्हणून तुम्ही उठलात. कीर्तनातून सुटायला याहून चांगली सबब गावात कुणाला सुचली नसती.

तुमची रीत ठरलेली होती. शेतातली काळी माती वाळली की तडकते, म्हणून नदीचा गाळ आणायचा आणि त्यात राख नि थोडा कापूस मळायचा. बैल करा, चूल करा, पोळपाट करा. शेवटच्या दिवशी बैलांना जोंधळ्याच्या दाण्यांचे डोळे बसवायचे आणि सगळंच्या सगळं गोदावरीत सोडायचं. घरी काही न्यायचं नाही, कितीही रडलं तरी.

पाचव्या दिवशी मी आई केली. बोटाएवढी. डोक्यावर पदर, पुढ्यात जातं, दळताना ती पसरायची तसा एक पाय लांब. चेहरा मला जमला नव्हता, पण तुम्ही ओळखलंत.

"माणसं न्हाई करायची."

"का?"

"न्हाई म्हन्लं ना. मोड ते. बैल कर."

बोलणी खायची मला सवय होती. पण बोलताना तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत, त्याचा राग आला, आणि तो राग मी पुढं बरीच वर्षं जपला. बैल केला. शेवटच्या दिवशी तुम्ही तो हातात घेऊन डोळे बसवताय, ते अजून दिसतं.

"पोट लई मोठं झालं याचं."

"पंगतीत जेवून आला आसंल," मी म्हणते.

तुम्ही हसता. आई गेल्यापासून पहिल्यांदा. "मंग बराबर हाये," म्हणता, आणि गुडघाभर पाण्यात उतरून तो स्वतः सोडता. तुमची बोटं लगेच उघडतात.

यंदा एका पोरीनं फेटा बांधलेला माणूस केला. तिचा बाप पोळ्याच्या आधी वारला. "हे आमचे दादा," ती म्हणाली. "मोड ते," माझ्या तोंडात आलंच होतं, आणि तिथंच मला तुमचं कळलं. मी केलेली आई शेवटच्या दिवशी तुम्हाला पुन्हा पाण्यात सोडावी लागली असती. इतकी साधी गोष्ट, आणि ती समजायला मला म्हातारी व्हावं लागलं. पोरीला मी काही बोलले नाही. काल तिनं तो माणूस पाण्यात ठेवला, हात फ्रॉकला पुसले आणि जेवायला पळाली. मी पायरीवरच उभी होते. फार काही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून सांगून टाकते. ती मातीची आई मी मोडली नव्हती. जात्यासकट तशीच ठेवून वरून माती लिंपली, मग पाय केले, शिंगं लावली. अण्णा, तुम्हीच तिला सोडलंत. तुम्ही हसत होतात म्हणून मी गप्प राहिले, असं आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तुम्हाला फसवलं याचा मला आनंद झाला होता.